काशीचे परतीचे तिकीट : रेल्वे-आरक्षणाच्या नोंदवहीचे स्थलांतर

महाराष्ट्रातून काशीयात्रेस निघणाऱ्या माणसाला जाण्याची काळजी फारशी नसे. काळजी असे ती परत येण्याची. मुंबईच्या खिडकीवर रांगेत उभे राहून वाराणसीपर्यंतची जागा मिळविता येई, कारण गाडी मुंबईहूनच सुटत असे आणि तिची नोंदवही त्याच इमारतीत असे. परतीच्या गाडीची नोंदवही मात्र दीड हजार किलोमीटरांवर, वाराणसीच्या स्थानकात. मुंबईचा कारकून फार तर तेथे तार पाठवी. तारेचे उत्तर कधी येई, कधी येत नसे; आणि पुष्कळ यात्रेकरू घाटावरचे विधी आटोपल्यावर पहिले काम कोणते करीत, तर स्थानकावर जाऊन परतीच्या जागेची चौकशी. बरोबर वृद्ध आईवडील असतील आणि जागा मिळाली नाही, तर धर्मशाळेतील मुक्काम लांबे, किंवा अनारक्षित डब्यात उभ्याने दीड दिवसाचा प्रवास घडे.

आज पुण्यातील किंवा नागपुरातील खिडकीवर वाराणसी ते मुंबई हे तिकीट दोन-तीन मिनिटांत हाती पडते. हा बदल केवळ संगणक आला म्हणून घडला, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. संगणक १९८५ साली आला. परतीच्या तिकिटाचा प्रश्न त्यानंतरही कित्येक वर्षे शिल्लक होता. तो सुटला जुनी संगणकीय नोंदवही नव्या आज्ञावलीत हलविल्यामुळे, आणि ती नवी आज्ञावली देशभरच्या खिडक्यांपर्यंत पोहोचविल्यामुळे. संगणक विकत घेण्यापेक्षा हे काम पुष्कळ अवघड असते. बँका, टपाल कचेऱ्या, रुग्णालये, विद्यापीठे या सर्वांना ते कधी ना कधी करावे लागते. म्हणून रेल्वेच्या उदाहरणावरून ते समजून घेणे उपयुक्त आहे.

कागदाच्या नोंदवहीचा गुण आणि दोष

जुन्या पद्धतीत प्रत्येक गाडीचे प्रत्येक तारखेस एक पान असे. पानावर डब्यांचे व शायिकांचे, म्हणजे बोलभाषेतील बर्थचे, क्रमांक ओळीने मांडलेले असत. प्रवासी आला की कारकून रिकाम्या क्रमांकापुढे त्याचे नाव लिही. ही पद्धत साधी होती, आणि तिच्यात एक मोठा गुण होता. ते पान जगात एकच होते. एका क्रमांकापुढे एक नाव पडले की तेथे दुसरे नाव पडू शकत नसे. कारकुनाने डोळ्यांदेखत चूक केली तरच एक शायिका दोघांना जाई.

दोषही नेमका तोच होता. पान एकच असल्यामुळे ते एकाच ठिकाणी असे. मोठ्या शहरांत तर एकेका खिडकीवर ठरावीक गाड्यांचीच पाने असत. दुसऱ्या गाडीत जागा हवी असली तर दुसरी रांग धरावी लागे. वाटेवरच्या स्थानकांना थोड्या थोड्या शायिका आधीच वाटून दिलेल्या असत, त्यांस कोटा म्हणत. एका स्थानकाचा कोटा रिकामा राही आणि दुसऱ्या स्थानकावर लोक परत जात, असा प्रकार नित्याचा होता.

पान सर्वांना दिसावे, पण ते एकच राहावे, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे, एवढाच आरक्षणाच्या संगणकीकरणाचा विषय आहे. बाकी सर्व तपशील.

पाच बेटे

१९८५ साली नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग सुरू झाला. त्याची ‘इम्प्रेस’ नावाची आज्ञावली सी. एम. सी. या त्या काळी सरकारी मालकीच्या कंपनीने तयार केली होती. अमेरिकेतील डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स जातीच्या संगणकांवर ती चाले आणि तिचा गाभा फोर्ट्रान या भाषेत लिहिलेला होता. १९८९ पर्यंत मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही अशीच केंद्रे उभी राहिली. वाराणसीचा भाग दिल्लीच्या केंद्राकडे गेला, महाराष्ट्राचा बराचसा भाग मुंबईच्या केंद्राकडे.

यामुळे रांगेतील त्रास एकदम कमी झाला. कोणत्याही खिडकीवर त्या केंद्राच्या अखत्यारीतील कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. परंतु पाचही केंद्रे ही पाच बेटे होती. दिल्लीच्या संगणकाला मुंबईच्या संगणकातील पान दिसत नसे. वाराणसीहून सुटणाऱ्या गाडीचे पान दिल्लीच्या बेटावर, आणि ते मागणारा यात्रेकरू मुंबईच्या बेटावर. म्हणजे पूर्वी जी अडचण एका स्थानकाची होती ती आता एका केंद्राची झाली. वर्तुळ मोठे झाले, पण त्याचा परीघ होताच.

१९८६ साली रेल्वेने आपल्या संगणकीय कामांसाठी रेल्वे सूचना प्रणाली केंद्र ही स्वतंत्र संस्था स्थापिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘क्रिस’ म्हणतात. या संस्थेने पाचही बेटे जोडू शकेल अशी ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी आज्ञावली तयार केली. ती प्रथम १९९४ साली सिकंदराबाद येथे चालू करण्यात आली. पाचही केंद्रे एका जाळ्यात येण्यास मात्र १९९९ चा एप्रिल उजाडला. सुमारे पाच वर्षांचा हा काळ दीर्घ वाटेल. पण त्यात काय काय करावे लागते हे पाहिले म्हणजे तसे वाटणार नाही.

एक शायिका, दोन हात

प्रथम बेटे जोडणे म्हणजे काय ते पाहू. मुंबई–वाराणसी महानगरी एक्स्प्रेसची परतीची गाडी घेतली, आणि एखाद्या तारखेस तिच्यात एकच शायिका उरली आहे असे मानले. ठाण्याच्या खिडकीवर एक प्रवासी ती मागतो. त्याच क्षणी वाराणसीच्या खिडकीवर दुसरा. दोन्ही कारकुनांच्या पडद्यांवर ‘एक जागा शिल्लक’ असे उमटले आहे. दोघेही कळ दाबतात.

येथे संगणकाने कागदी पानाचा गुण राखावयाचा असतो. म्हणून जाळे जोडताना पानाच्या पाच प्रती केल्या गेल्या नाहीत. प्रत्येक गाडीचे पान कोणत्या तरी एकाच केंद्राच्या सांभाळात राहिले. दुसऱ्या केंद्रांना त्या पानापर्यंत निरोप पोहोचविण्याची सोय तेवढी मिळाली. ठाण्याची मागणी मुंबईच्या संगणकाकडे जाते. ही गाडी आपली नव्हे हे ओळखून तो ती दिल्लीस पाठवितो. दिल्लीचा संगणक त्या शायिकेवर क्षणभर कुलूप घालतो, नाव लिहितो, क्रमांक देतो, आणि मगच कुलूप काढतो. वाराणसीची मागणी त्यानंतर निमिषमात्राने आली असली, तरी तिला ‘जागा नाही, प्रतीक्षा-यादी क्रमांक १’ असेच उत्तर मिळते.

यात एक अडचण आहे, आणि ती कागदाच्या काळात नव्हती. दिल्लीने शायिका दिली, पण ते सांगणारा निरोप मुंबईस पोहोचण्यापूर्वीच तार तुटली तर? ठाण्याच्या कारकुनाला वाटेल तिकीट निघाले नाही. तो प्रवाशाचे पैसे परत करील. आणि दिल्लीच्या पानावर त्या माणसाचे नाव राहून शायिका रिकामी मुंबईस येईल. उलट बाजूने, तिकीट छापले गेले पण पानावर नोंद झालीच नाही, असेही घडू शकेल. मग प्रवासी डब्यात चढतो आणि त्याच्या जागेवर दुसराच बसलेला आढळतो. म्हणून शायिका देणे, पैसे घेतल्याची नोंद करणे आणि तिकीट छापणे या क्रिया वेगवेगळ्या न मानता त्यांचा एक अखंड ‘व्यवहार’ मानतात. सर्व भाग पुरे झाले तरच तो झाला. एकही राहिला तर काहीच झाले नाही असे समजून पान पूर्वस्थितीस आणावयाचे. बँकेत एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम हलविताना हाच नियम पाळतात. तेथे रुपये असतात, येथे रात्रीची झोप असते.

आणखी एक बारकावा आहे. शायिका ही एकच वस्तू नव्हे. वाराणसीहून निघालेली गाडी सतना, कटनी, जबलपूर, इटारसी, भुसावळ अशी मजल मारीत मुंबईस येते. जबलपूरला उतरणाऱ्या माणसाची शायिका तेथून पुढे रिकामी होते व ती पुढील प्रवासासाठी दुसऱ्यास देता येते. म्हणजे पानावरील प्रत्येक ओळ ही टप्प्याटप्प्यांची साखळी असते. कारकून हे डोक्यात ठेवी. संगणकाला ते लिहून द्यावे लागते.

जुनी वही नव्या कपाटात

आता स्थलांतराचा मुख्य प्रश्न. दुकान बदलताना दुकानदार चार दिवस दार बंद ठेवतो, माल हलवितो, आणि नव्या जागेत मांडतो. रेल्वेला हे शक्य नाही, कारण तिची नोंदवही पुढील तारखांची असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी मिळते. पूर्वी ही मुदत वेळोवेळी कमीजास्त होत आली आहे. एका गाडीला ७२ शायिकांचे दहा डबे आहेत असे धरले तर तिच्या ७२० शायिका झाल्या, आणि ६० दिवसांची ४३,२०० कोष्टके झाली. हे एका गाडीचे. त्यांपैकी पुष्कळ आधीच विकलेली असतात. तिकिटे लोकांच्या खिशात आहेत. नव्या आज्ञावलीने उद्या सकाळी डोळे उघडले तेव्हा तिला ही प्रत्येक विकलेली शायिका, तिच्या मालकाचे नाव, वय, टप्पा आणि भरलेले भाडे ठाऊक असलेच पाहिजे. एक ओळ गळली तर एक कुटुंब फलाटावर राहील.

शिवाय जुन्या आणि नव्या नोंदींची मांडणी सारखी नसते. जुन्या काळी संगणकाची स्मरणशक्ती महाग होती, म्हणून नोंदी आखूड ठेवीत. नावासाठी इतकीच अक्षरे, वयासाठी दोनच अंक, स्थानकासाठी पूर्ण नाव न लिहिता लघुसंकेत, अशी काटकसर सर्वत्र केलेली असे. नव्या मांडणीत एखादे घर रुंद असते, एखादे नव्याने आलेले असते, एखादे दोन घरांत विभागलेले असते. जुनी ओळ उचलून नव्या घरांत बसविणारी एक वेगळी आज्ञावली लिहावी लागते. ती एकदाच वापरली जाते आणि मग टाकून दिली जाते. पण तिच्यावर खर्च होणारी मेहनत पाहिली तर ती टाकाऊ म्हणवत नाही. अशी आज्ञावली प्रथम जुन्या नोंदींच्या नकलेवर चालवून पाहतात, बेरजा ताडतात, चुकलेल्या ओळी वेगळ्या काढतात, दुरुस्ती करतात, पुन्हा चालवितात. विकलेल्या शायिकांची एकूण संख्या, जमा झालेली एकूण रक्कम, प्रतीक्षा-यादीतील माणसे, हे आकडे जुन्या व नव्या बाजूस तंतोतंत जुळेपर्यंत हे चालते.

याहून बिकट गोष्ट नियमांची. प्रतीक्षा-यादीतील माणूस कोणत्या क्रमाने वर सरकतो? बाजूच्या खालच्या शायिकेवर दोघांना बसवून प्रवास करू देण्याची जी सोय आहे, तीत जागा रिकामी झाल्यावर पूर्ण शायिका प्रथम कोणास? स्त्रियांचा कोटा न खपल्यास तो केव्हा सर्वांसाठी खुला होतो? यांतील पुष्कळ नियम परिपत्रकांत असतात. पण ते नेमके कसे लावावयाचे, हे वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांमुळे जुन्या आज्ञावलीच्या ओळींतच मुरलेले असते. ज्याने ती ओळ लिहिली तो माणूस कदाचित निवृत्त झालेला असतो. नव्या आज्ञावलीच्या कर्त्यांना जुनी आज्ञावली एखाद्या मोडी दस्तासारखी वाचावी लागते. जुन्या प्रणालीची हेटाळणी करणे सोपे आहे. पण ती जुनी होईपर्यंत टिकली, ती अनेक बारीक अनुभव पोटात घेऊन टिकली, हे विसरून चालत नाही.

म्हणूनच शहाणे लोक सर्व ठिकाणी एकदम बदल करीत नाहीत. एका केंद्रात नवी पद्धत बसवावी, तिचे दोष तेथेच उघडे पडू द्यावेत, आणि मग दुसऱ्या केंद्राकडे वळावे. सिकंदराबादेनंतर उरलेली चार केंद्रे जोडीत पाच वर्षे गेली, त्याचा अर्थ असा लावता येतो.

खिडकीवरचे यंत्र

नोंदवही हलली; पण तिचा उपयोग करणारी यंत्रे केंद्रात नव्हेत, तर वाराणसी, नाशिक, सोलापूर येथील खिडक्यांमागे असतात. बदललेली आज्ञावली तेथे कशी पोहोचवावयाची?

याचे उत्तर त्या यंत्रात किती बुद्धी ठेवली आहे यावर अवलंबून असते. आरंभीच्या काळात खिडकीवर असे ते केवळ टर्मिनल. एक पडदा, एक कळफलक आणि शेजारी ठिपक्यांनी छापणारे मुद्रणयंत्र. त्याच्या पोटात आज्ञावली नव्हती आणि नोंदही नव्हती. कारकुनाने दाबलेली अक्षरे तारेवरून केंद्राकडे जात, आणि केंद्राने पाठविलेली अक्षरे पडद्यावर उमटत. एका तिकिटासाठी थोडीशीच अक्षरे इकडून तिकडे जात असल्यामुळे भाड्याने घेतलेल्या दूरध्वनीच्या तारांवरही काम भागे. अशा यंत्रापाशी स्थलांतराच्या वेळी कोणी जाण्याची गरजच नसते. केंद्रातील आज्ञावली बदलली की पडदा आपोआप बदलतो. ज्या यंत्राला कुचेष्टेने ‘मूक टर्मिनल’ म्हणत, तेच या कामी सर्वांत सोयीचे ठरले.

पुढे पुष्कळ कचेऱ्यांत टर्मिनलची जागा पूर्ण संगणकाने घेतली. त्याला स्वतःची स्मृती असते, स्वतःची आज्ञावली असते, आणि म्हणून स्वतःचे हट्टही असतात. कामाचा काही भाग अशा संगणकाकडे सोपविला तर केंद्रावरचा भार हलका होतो. पण मग नवी आवृत्ती शेकडो ठिकाणी पोहोचवावी लागते, आणि एखादे यंत्र त्या दिवशी बंद असले की ते जुन्याच आवृत्तीने दुसऱ्या दिवशी काम सुरू करते. नव्या केंद्राशी जुन्या समजुतीने बोलणारे यंत्र हे न बोलणाऱ्या यंत्रापेक्षा धोक्याचे. भाडे जुन्या दराने लावणे, बंद झालेले स्थानक दाखविणे, असल्या चुका यातून होतात. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे प्रत्येक यंत्राने काम सुरू करण्यापूर्वी आपली आवृत्ती केंद्रास सांगावी, आणि ती जुनी असल्यास केंद्राने आधी नवी पाठवावी व मगच दार उघडावे. दुसरा, यंत्र पूर्ण संगणकासारखे दिसले तरी त्याला टर्मिनलसारखेच वागू द्यावे. बुद्धी केंद्रात, खिडकीत केवळ डोळे आणि बोटे.

माणसांचा प्रश्नही असतो. खिडकीवरील कारकून वर्षानुवर्षे त्याच कळा त्याच क्रमाने दाबीत आलेला असतो. त्याची बोटे विचार न करता चालतात, आणि त्यामुळेच रांग पुढे सरकते. नव्या आज्ञावलीने पडद्यावरची घरे इकडची तिकडे केली, तर आतील रचना कितीही सुंदर असो, पहिल्या दिवशी प्रत्येक तिकिटास दुप्पट वेळ लागेल आणि रांग रस्त्यावर येईल. वरचा चेहरा शक्य तितका जुना ठेवून आतील सर्व काही बदलणे, हे चांगल्या स्थलांतराचे एक लक्षण मानले जाते. प्रवाशाला तर काही बदलले हेही कळू नये. त्याने नेहमीप्रमाणे आरक्षणाचा अर्ज भरावा आणि तिकीट घेऊन जावे.

स्थानकाचे नाव बदलते तेव्हा

सर्व खिडक्यांनी एकच भाषा बोलणे किती आवश्यक आहे, हे वाराणसीच्या परिसरातील एका उदाहरणावरून दिसेल. रेल्वेत प्रत्येक स्थानकास रोमन अक्षरांचा एक लघुसंकेत असतो. वाराणसी जंक्शनचा संकेत ‘बी-एस-बी’ असा आहे. त्यात बनारस हे जुने नाव दडलेले आहे. शहराच्या पश्चिम भागातील मंडुआडीह स्थानकाचे नाव २०२१ च्या जुलैत ‘बनारस’ असे करण्यात आले, आणि त्याचा ‘एम-यू-व्ही’ हा संकेत जाऊन ‘बी-एस-बी-एस’ आला. त्यापूर्वी २०१८ साली गंगेपलीकडच्या मुगलसराय जंक्शनला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव मिळाले, आणि ‘एम-जी-एस’ चे ‘डी-डी-यू’ झाले. विशेष असे की ही तीन स्थानके तीन वेगळ्या रेल्वे-विभागांकडे आहेत. वाराणसी जंक्शन उत्तर रेल्वेकडे, बनारस पूर्वोत्तर रेल्वेकडे, आणि दीनदयाळ उपाध्याय जंक्शन पूर्व मध्य रेल्वेकडे.

फलाटावरची पाटी रंगवून नवे नाव देता येते. संगणकात तसे नाही. जुन्या संकेतावर विकलेली तिकिटे अद्याप प्रवास व्हावयाची असतात. ती रद्द करावयास आलेल्या माणसाला ‘असे स्थानक नाही’ म्हणून परत पाठविता येत नाही. म्हणून काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही संकेत एकाच स्थानकाकडे बोट दाखवितील अशी व्यवस्था करावी लागते. भाडेपत्रक, वेळापत्रक, आरक्षणाची यादी, चौकशीचा पडदा, या सर्व ठिकाणचे कोष्टक एकाच क्षणी बदलावे लागते. एखाद्या ठिकाणी जुने कोष्टक राहिले, तर एका खिडकीवर ‘बनारस’ म्हणून जे मिळेल ते दुसऱ्या खिडकीवर वाराणसी जंक्शन समजले जाईल, आणि परगावचा यात्रेकरू भलत्याच स्थानकावर गाडीची वाट पाहील. दोन्ही नावे ज्या शहराची, तेथे हा घोटाळा होण्यास वेळ लागत नाही.

असे बदल केव्हा करतात? खिडक्या बंद असतात तेव्हा. आंतरजालावरील तिकीटविक्री दररोज रात्री पावणेबारा वाजता थांबते आणि बारा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होते. ही सुमारे अर्ध्या तासाची विश्रांती प्रवाशांना कधी कधी जाचक वाटते. पण दिवसाचे दप्तर मिटणे आणि यंत्रणेची देखभाल करणे या कामांना एवढाच निवांत वेळ मिळतो.

तिकिटावरील दहा अंक

पाच बेटांचा इतिहास आजही प्रत्येक आरक्षित तिकिटावर वाचता येतो. तिकिटाच्या माथ्यावर दहा अंकी क्रमांक असतो, त्यास लोक ‘पी. एन. आर.’ म्हणतात. त्याचा पहिला अंक सामान्यतः गाडी जेथून सुटते तो भाग कोणत्या केंद्राकडे आहे हे दर्शवितो. १ हा सिकंदराबादचा. २ व ३ दिल्लीचे. ४ व ५ चेन्नईचे. ६ व ७ कोलकात्याचे. ८ व ९ मुंबईचे. वाचकांपैकी कोणी मुंबईहून वाराणसीस जाऊन आले असेल, आणि जातानाचे व येतानाचे तिकीट घरात जपून ठेवलेले असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही एकाच खिडकीवर, एकाच कारकुनाकडून, एकापाठोपाठ घेतलेली असली, तरी जातानाच्या तिकिटाचा क्रमांक ८ ने किंवा ९ ने, आणि परतीच्या तिकिटाचा २ ने किंवा ३ ने सुरू झालेला बहुधा आढळेल. परतीचे पान दिल्लीत आहे; ते मुंबईच्या खिडकीतून लिहिले गेले.

नव्या आज्ञावलीने हे अंक बदलून सर्वत्र एकच क्रमवारी लावली असती तर ती अधिक नीटनेटकी दिसली असती. पण पाच केंद्रांनी पाच वेगळ्या आरंभांनी क्रमांक दिले, की दोन केंद्रांकडून एकच क्रमांक निघण्याची भीती राहत नाही, आणि प्रत्येक वेळी ‘हा क्रमांक वापरला आहे काय’ असे इतर चौघांना विचारावे लागत नाही. शिवाय क्रमांक पाहताच निरोप कोणत्या केंद्राकडे न्यावयाचा हे कळते.

खिडकी घरात येते, आणि केंद्र पुन्हा जुने होते

३ ऑगस्ट २००२ रोजी आंतरजालावरून आरक्षण सुरू झाले. आरंभी तिकीट कागदावर छापून कुरियरने घरी पाठवीत. २००५ पासून प्रवाशाने स्वतःच छापून घ्यावयाचे तिकीट आले. स्थलांतराच्या दृष्टीने पाहता येथे खिडकीच प्रवाशाच्या घरात गेली. कोणत्या घरात कसला संगणक आहे, त्यात कोणती आज्ञावली आहे, हे रेल्वेस ठाऊक नसते. तरीही ती पाने उघडतात, कारण तेथेही जुन्या टर्मिनलचीच युक्ती आहे. पान केंद्राकडून येते, घरच्या यंत्रात नोंदवहीचा अंशही नसतो. दिवाळीत किंवा उन्हाळी सुट्टीत सकाळी ठरावीक वेळी लाखो लोक एकदम दार ठोठावतात तेव्हा पान उघडण्यास वेळ लागतो, हा त्या युक्तीचा दुसरा परिणाम. सर्व बुद्धी एका ठिकाणी ठेवली की गर्दीही एका ठिकाणी होते. २०१४ साली आंतरजालावरील विक्रीसाठी नवी, अधिक भार पेलणारी रचना आणली गेली, ती याच कारणाने.

यंत्रे मात्र माणसांपेक्षा लवकर म्हातारी होतात. २०१० मध्ये बसविलेली आरक्षण-प्रणाली इटॅनियम जातीच्या संगणकांवर आणि ‘ओपन व्हीएमएस’ या कार्यप्रणालीवर चालते, असे २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने संसदेस सांगितले. ही कार्यप्रणाली म्हणजे १९७७ साली व्हॅक्स संगणकासाठी निघालेल्या व्हीएमएसचीच वंशज होय. दिल्लीच्या पहिल्या प्रयोगापासूनचा धागा असा अखंड चालत आला. पण इटॅनियम संगणकांचे मेंदू त्यांच्या कारखान्याने २०२१ नंतर पाठविणे थांबविले आहे. नवे भाग मिळणार नाहीत आणि त्या कार्यप्रणालीत मुरलेली माणसेही विरळ होत जाणार. म्हणून ही सर्व यंत्रणा नव्या पायावर हलविण्याचे काम क्रिसने हाती घेतले असून, मिनिटास एक लाखाहून अधिक तिकिटे देण्याची क्षमता त्यातून मिळावी असा उद्देश सांगण्यात आला आहे.

म्हणजे १९९४ ते १९९९ या काळात जे झाले तेच पुन्हा करावयाचे आहे, आणि या वेळी खिडक्या स्थानकांपुरत्या नाहीत. त्या लोकांच्या खिशांतील दूरध्वनीयंत्रांत आहेत. विकलेली प्रत्येक शायिका पुन्हा एकदा जुन्या घरातून नव्या घरात न्यावी लागेल. टप्प्यांच्या साखळ्या, कोटे, प्रतीक्षा-यादीचे बारीक नियम पुन्हा वाचावे लागतील, ताडावे लागतील, बेरजा जुळवाव्या लागतील. त्या रात्री वाराणसी जंक्शनच्या फलाटावर महानगरीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या तिकिटावर २ ने सुरू होणारा एक जुना क्रमांक असेल, आणि आरक्षणाच्या यादीत त्याच क्रमांकापुढे त्याचे नाव असले पाहिजे.